प्रेमकादंबरीतील नायक पिशाच्च आणि निवेदन नायिकेचे असेल, तर त्या कादंबरीचा मांगा, म्हणजे जपानी शैलीची चित्रकथा, कसा करावा?

नायिकेचे सगळे मनोगत चौकटींत भरण्याचा मोह आवरावा, हे माझे ठाम मत आहे. स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ या अशाच कादंबरीचे यंग किम यांनी चितारलेले रूपांतर येन प्रेसने २०१० आणि २०११ मध्ये दोन खंडांत काढले, त्यात बहुतेक पाने कृष्णधवल असून रंग मोजक्या जागी राखून ठेवला आहे, आणि ही निवड मला फार मोलाची वाटते. कादंबरी जिथे नायकाच्या डोळ्यांचे परिच्छेदभर वर्णन करते, तिथे पानभर एकच डोळा, बुबुळाभोवती विरळ होत जाणारा स्क्रीनटोन (छटेसाठी वापरलेली ठिपक्यांची जाळी) आणि निवेदनाची एखादी ओळ पुरते. त्याचे खरे रूप उघड करणारी चौकट पान उलटल्यावरच दिसेल, अशी मांडणी करावी. संवाद निर्दयपणे छाटावेत, कारण संवादांचे फुगे दाटले की चेहरे झाकले जातात.