जुनी टू-स्ट्रोक गाडी गरम झाल्यावर रेस आपोआप का वाढते?

कार्ब्युरेटर तीनदा साफ करूनही थ्रॉटल सोडल्यावर रेस खाली येत नाही म्हणता, तर आता कार्ब्युरेटर राहू द्या, क्रँकचे (इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याचे) ऑइल सील, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंच्या रबरी कड्या, बघा. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या बंद पेटीत, येतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की सीलचं रबर कडक होतं आणि मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूने जादा हवा आत ओढली जाते; मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि रेस चढते. मग प्लगचं टोक तपकिरी न राहता पांढरं पडतं. मॅग्नेटो प्लेट काढा. मागे तेलाचा ओलसर काळा थर दिसला, की चोर सापडलाच. (क्लचच्या बाजूचा सील गेला तर गिअर ऑइल जळून पांढरा धूर येतो.) दोन्ही सील एकदमच बदला. तोवर गाडी कृपया पळवू नका, इंजिन जास्त तापून पिस्टन जाम होऊ शकतो.