आधी लॅपटॉपचं कुलूप काढा

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. गॅमा किरणांच्या अवकाश दुर्बिणींवर काम करायचं म्हणते. हौसेनं महागाची दुर्बीण आणून दिली, तर ती एकदाही गच्चीवर नेली नाही. सारखी लॅपटॉपवर ठिपके आणि आलेख बघत बसते. शेवटी जेईई होईपर्यंत लॅपटॉप कपाटात कुलूप लावून ठेवला. तिला नासात, निदान इस्रोत तरी पाठवायचंच आहे. मार्ग सांगा.
– एक पालक, नांदेड

उत्तर : मार्ग तिला सापडलाय, तुम्ही तो कपाटात कोंडलात.

गॅमा किरणांच्या दुर्बिणीला डोळा लावायला भोकच नसतं. हे किरण म्हणजे क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. ते नेहमीच्या आरशा-भिंगांना जुमानत नाहीत आणि वातावरण त्यांना खाली पोचू देत नाही, म्हणून उपकरण वर पाठवावं लागतं. २००८ पासून फिरणाऱ्या नासाच्या ‘फर्मी’ या गॅमा दुर्बिणीत टंगस्टनचे पातळ थर आहेत आणि मध्ये सिलिकॉनच्या पट्ट्या. किरण टंगस्टनमध्ये शिरला की त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धन विद्युतभाराचा जुळा) यांची जोडी निघते. सिलिकॉनमध्ये उमटलेल्या तिच्या मागावरून किरण कुठून आला ते उलट हुडकायचं. पुढचं सगळं काम ठिपके आणि आलेखांचंच! हा डेटा कुणालाही फुकट मिळतो. २०१० मध्ये आकाशगंगेच्या केंद्राच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं पसरलेले गॅमा किरणांचे बुडबुडे सापडले, ते याच खुल्या डेटातून. आज संध्याकाळी तिच्याकडून एक आलेख समजून घ्या. वडील म्हणून, परीक्षक म्हणून नव्हे.

नासाचं म्हणाल तर तिथल्या कायम नोकरीला साधारणपणे अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. आणि तुमच्या अख्ख्या पत्रात नासा आहे, इस्रो आहे, मुलीचं स्वतःचं म्हणणं एका ओळीत उरकलंय. मला खरी काळजी त्याची वाटते. ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावरचं, अवकाशातले गॅमा किरणांचे स्फोट टिपणारं सीझेडटीआय हे उपकरण मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हिच्या पुढाकारानं झालं, पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतही त्यावर काम चालतं. दोन्हीकडे इस्रोचा शिक्का लागत नाही, लागते पीएचडी.

पीएचडी म्हणजे पंचविशी उलटून जाणार. तेवढा धीर नसेल तर ते आत्ताच तिच्याशी बोला, तिसऱ्या वर्षाला नको.

बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षा : आयसर या विज्ञान संस्थांसाठी आयएटी, नायसर या विज्ञान संस्थेसाठी नेस्ट, आयआयएसटी या अवकाश संस्थेसाठी जेईई ॲडव्हान्स्ड. आयएटीत जीवशास्त्रही असतं. जेईईच्या क्लासपायी तिनं बायो सोडलं असेल, तर अकरावीचं पुस्तक आजच काढायला सांगा.