मुलीला चीनच्या इकॉनॉमीवर पीएचडी करायचीय, पोट भरेल का?

नमस्कार दादा,

पत्र मिळालं. मुलगी टीवायबीएला इकॉनॉमिक्स करतेय, म्हणते चीनने बाजार कसा खुला केला त्याच्यावरच पुढे रिसर्च करणार, आणि तुम्ही साखर कारखान्यात अकाउंटला, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा द्याव्यात. काळजी रास्त आहे. पण खूळ नाहीये हे, उलट हा विषय घरात सगळ्यात आधी तुम्हालाच कळेल.

लेव्ही साखर आठवते ना? ठराविक साखर रेशनसाठी सरकारी भावाने द्यायची आणि उरलेली खुल्या बाजारात, म्हणजे एकाच गोदामातल्या साखरेला दोन भाव. आपल्याकडे ती २०१३ ला बंद झाली. चीनने १९८० च्या दशकात कोळसा, पोलाद अशा कितीतरी मालाला हेच लावलं, कोट्यातला माल सरकारी दराने, वरचा बाजारभावाने, आणि हळूहळू बाजाराचा वाटा वाढू दिला. त्यात ओळखीपाळखीवाल्यांनी कोट्यातला स्वस्त माल बाहेर विकून चिकार पैसा केला. मग १९८८ ला भाव मोकळे करणार असं जाहीर झालं तर लोकांनी बँकेतून पैसे काढून दुकानं रिकामी केली, सरकारला माघार घ्यावी लागली. रशियाने १९९२ ला बहुतेक भाव एका झटक्यात सोडले आणि त्या वर्षी महागाई दोन हजार टक्क्यांच्या वर गेली. दोघांत एवढा फरक का पडला यावर अजून भांडणं चालू आहेत. इसाबेला वेबर म्हणून जर्मन बाई आहेत, त्यांनी तेव्हाच्या चिनी अर्थतज्ज्ञांना गाठून मुलाखती घेतल्या, शिवाय मीठ-लोखंडाच्या सरकारी मक्तेदारीवर दोन हजार वर्षांपूर्वी चीनच्या दरबारात झालेला वादही अभ्यासला, आज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवतात.

आता पोटाचं. एमए दोन वर्षं, पीएचडी पाच-सहा, आणि पर्मनंट जागा मोजक्याच, हे तिलाही स्पष्ट सांगा. परदेशात चांगल्या पीएचडीला फी माफ होते आणि स्टायपेंड मिळतो, त्यामुळे घर गहाण टाकून तिला पाठवू नका, फंडिंग नसेल तर थांबायचं. अकरावीला मॅथ्स सोडलं म्हणालात, ते आजपासून परत सुरू करायला लावा, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूट किंवा दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या एमएला त्याशिवाय निभाव लागणार नाही. आणि चिनी भाषा आत्ताच, पीएचडीला लागल्यावर नाही, तेव्हा वेळच मिळत नाही. जुनी कागदपत्रं, वर्तमानपत्रं सगळं चिनीत, भाषांतरावर कोण किती दिवस काढणार. ही भाषा आणि आकडेवारी दोन्ही येत असेल तर प्राध्यापकी नाही मिळाली तरी थिंक टँक म्हणजे धोरणांवर अभ्यास करणाऱ्या संस्था, चीनशी व्यापार करणाऱ्या कंपन्या हे दरवाजे राहतात.

या सुट्टीत एक करा, तुमच्या कारखान्यातल्या दोन-तीन रिटायर्ड लोकांना तिला भेटवा, लेव्हीचा कोटा कसा यायचा, भाव कोण ठरवायचं, फ्री सेलची साखर कधी सोडायचे, सगळं तिने विचारून वहीत लिहावं. तुम्ही शेजारी बसा, पण उत्तरं तुम्ही देऊ नका. चार पानं झाली की मला पाठवा, वाचून तिच्याशी सविस्तर बोलतो.