स्वस्तातला २०० चा कलर रोल बाहेरच्या फोटोंसाठी घ्यावा की नाही?

तुम्ही विचारलंय की २०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे रोल उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) स्वस्तातला कलर निगेटिव्ह रोल रोजच्या, उन्हातल्या फोटोंसाठी चालेल का, कारण तुमचा पहिला रोल धुरकट आला आणि मित्र म्हणाला, स्वस्त घेतलास म्हणून असं झालं. चालेल. चांगला चालेल. आणि मित्राने हे सांगण्याआधी तुमची निगेटिव्ह, म्हणजे धुतलेली उलट्या रंगांची फिल्म, उजेडाला धरून बघितली होती का, तेवढं विचारा.

मला विचाराल तर हेच वाक्य मी माझ्या मावसभावाकडून सगळ्या घरासमोर ऐकलं आहे, म्हणून इतकं लांबलचक लिहिते आहे.

आम्ही सगळी भावंडं एकदा दिवसभर नदीकाठी गेलो होतो. माझ्याकडे काकांचा जुना एसएलआर कॅमेरा, त्यात २०० चा साधा रोल. त्या मावसभावाकडे, म्हणजे दादाकडे, नवा ऑटोफोकस कॅमेरा आणि प्रोफेशनल १६० चा रोल. प्रिंट आल्यावर दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले गेले. त्याच्या फोटोंत पाणी चमकत होतं, चेहरे स्वच्छ होते. माझ्या फोटोंत झाडाखाली बसलेल्या धाकट्या बहिणीचे केस काळे नव्हतेच, राखाडी-हिरवट होते, आणि तिचा गडद निळा शर्ट मागच्या सावलीत विरघळून गेला होता. वर सगळीकडे बारीक वाळू पसरल्यासारखा ग्रेन. दादा म्हणाला, "रोलवर पैसे वाचवलेस ना, मग फोटो असेच येणार." विषय संपला. मीही मान्य केलं.

पुढची चार वर्षं मी महागडेच रोल घेतले, आणि महागडे म्हणून एकेक फ्रेम जपून वापरली. भाचा चालायला लागला त्या अख्ख्या वर्षाचे माझ्या हातचे फक्त अकरा फोटो आहेत. त्या वाक्याचा राग मला फोटो खराब म्हटल्याचा नाही, या अकरा फोटोंचा आहे.

मग एकदा जुनी पाकिटं आवरताना त्या नदीवरच्या रोलच्या पट्ट्या हाती लागल्या आणि मी त्या खिडकीला धरल्या. पहिली गोष्ट दिसली ती काठावरची अक्षरं. रोलच्या काठावर फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात ना, ते कारखान्यातच उजेड देऊन उमटवलेले असतात आणि तुमच्या फोटोंबरोबर त्याच केमिकलमध्ये धुतले जातात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. माझ्या पट्टीवर ती अक्षरं गडद आणि रेखीव होती. म्हणजे लॅबने रोल नीट धुतला होता, आणि रोलही मेलेला नव्हता. पण फ्रेम मात्र पातळ, जवळजवळ पारदर्शक. बहिणीच्या केसांच्या जागी निव्वळ नारिंगी फिल्म, दोन फ्रेममधल्या रिकाम्या पट्टीसारखीच. तिथे उजेड पोचलाच नव्हता. ज्या जागी काही नोंदच झालं नाही, तिथून प्रिंटिंगचं मशीन काय काढणार? ते बिचारं फोटो उजळ करायला जातं, आणि काळ्याचा चिखल होतो.

दोष निघाला सेलचा. काकांचा कॅमेरा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला. ते सेल आता मिळत नाहीत, म्हणून मी त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला होता. अशा साध्या मीटरमध्ये (कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग) जास्त व्होल्टेज मिळालं की काटा जास्त हलतो, कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि आपण ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, बंद करत जातो. कडक उन्हात २०० च्या रोलला १/२५० सेकंदाचा शटर आणि एफ/१६ ॲपर्चर (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) यांच्या आसपास यायला हवं. माझा मीटर १/५०० आणि एफ/१६ ते २२ च्या मध्ये दाखवत होता. दीड स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड अर्धा किंवा दुप्पट). उन्हातल्या फ्रेम जेमतेम तगल्या, झाडाखालच्या गेल्या. श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल घातला, तो १.४ व्होल्टच्या जवळपास असतो, आणि मीटर ताळ्यावर आला. सगळ्याच जुन्या कॅमेऱ्यांना हा त्रास नसतो. काहींच्या मीटरचं सर्किट व्होल्टेजला दाद देत नाही.

तरी खात्री हवी होती. वहिनीने दादाचा कॅमेरा दोन दिवस दिला. त्यात तोच साधा २०० चा रोल घातला, तशाच झाडाखाली बहिणीला बसवलं. केस काळे आले. दादाला दाखवले तर म्हणाला, लॅबने सुधारून दिले असतील. अहो, सुधारायला निगेटिव्हमध्ये काहीतरी असावं लागतं! त्याने त्या दिवशी कॅमेरा, रोल आणि मीटर, तिन्ही एकदम बदललेले दोन गठ्ठे शेजारी ठेवले आणि ठपका रोलवर टाकला. याला तुलना म्हणत नाहीत.

आता तुमच्या रोलबद्दल. कोडॅक गोल्ड किंवा कलरप्लस २०० सारखे रोल कशासाठी बनतात ते लक्षात घ्या: उन्हासाठी, हौशी माणसासाठी, जो रोल महिनोन्‌महिने कॅमेऱ्यात तसाच ठेवतो. जास्त उजेड ते मुकाट्याने सोसतात, दोन स्टॉप जास्त झाले तरी प्रिंट उत्तम निघते. कमी उजेड मात्र तेवढा सोसत नाहीत. एका स्टॉपलाच सावल्या मळायला लागतात. म्हणून मी २०० चा रोल कॅमेऱ्यावर १०० लावूनच काढते, म्हणजे एक स्टॉप जास्त उजेड मिळतो. सावल्या धारदार दिसत असतील तर १/२५० ला एफ/११. ढगाळ पण उजेड असेल आणि सावलीच पडत नसेल तर एफ/५.६. धुताना लॅबला वेगळं काही सांगायचं नाही. सी-४१, म्हणजे कलर निगेटिव्ह धुण्याची ठरलेली प्रोसेस, १९७२ पासून चालत आली आहे; स्वस्त काय नि महाग काय, जवळजवळ सगळे कलर निगेटिव्ह रोल त्याच ३७.८ अंशांच्या डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं असतात.

रंगांवरूनही लोक रोलला नावं ठेवतात. झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत चेहरा निळसर येतो, कारण तिथे उजेड निळ्या आकाशाचा असतो. ते महागड्या रोललाही होतं. आणि प्रिंट किंवा स्कॅन पिवळट आलं असेल तर तीच निगेटिव्ह दुसऱ्या लॅबमध्ये देऊन बघा. नारिंगी निगेटिव्हवरून खरा रंग काढायचं काम स्कॅनर आणि तो चालवणारा माणूस करतो. एकाच फ्रेमचे दोन लॅबमधून दोन वेगळे फोटो मी स्वतः आणले आहेत.

रोल पारखायचाच असेल तर चार फ्रेम खर्च करा. उन्हात एका माणसाला काळं काहीतरी आणि पांढरं काहीतरी हातात देऊन उभं करा. मीटर सांगेल तशी एक, एक स्टॉप कमी, एक स्टॉप जास्त, दोन स्टॉप जास्त. मग प्रिंट बाजूला ठेवा आणि निगेटिव्हमध्ये त्या काळ्या वस्तूची वीण कुठल्या फ्रेमपासून दिसायला लागते ते बघा. तुमच्या कॅमेऱ्यात त्या रोलचा खरा आयएसओ काय, ते तिथे कळतं.

हे सगळं बाहेरच्या उजेडाचं झालं. घरात, संध्याकाळी किंवा लग्नासारख्या पुन्हा न येणाऱ्या प्रसंगाला मी स्वतः पोर्ट्रा ४००, कोडॅकचा महागडा प्रोफेशनल रोल, तोच घालते. त्याचा ग्रेन बारीक आहे, त्वचेचे रंग हळुवार येतात, ते खोटं नाही. मोठी प्रिंट काढून भिंतीवर लावायची असेल तरी २०० चा साधा रोल कमी पडेल. आणि मुदत उलटून गेलेला, उन्हात तापलेल्या गाडीत पडून राहिलेला रोल असेल, तर तुमचा मित्र बरोबरही असू शकतो.

पण आधी लॅबकडून निगेटिव्ह परत मागा, आजकाल बऱ्याच ठिकाणी नुसते स्कॅन हातात देतात. काठावरची अक्षरं गडद आहेत की फिकी, आणि फ्रेम पातळ आहेत की भरलेल्या, एवढं इथे लिहा. कॅमेरा कुठला आणि त्यात सेल कुठला घातलाय तेही लिहा.