कादंबरी कधी लिहिणार?

दिवाळी अंक वाचून संपत आले की माझ्याकडे समुपदेशनासाठी एका ठरावीक चिंतेची माणसं येऊ लागतात. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरेपर्यंत त्यातली दोन-तीन तरी येऊन गेलेली असतात. सोलापुरात लिहिणारे असे कितीसे असणार, असं बाहेरच्याला वाटेल. पण बँकेत, झेडपीच्या शाळेत, एमआयडीसीतल्या कारखान्यात दिवस घालवून रात्री लिहायला बसणारी माणसं या शहरात पुष्कळ आहेत. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी आणि लिहायचं ते मराठीत लिहिणारीही त्यात आहेत. त्यांच्याबद्दल मला विशेष आदर आहे.

ही माणसं ‘माझं लेखन अडलंय’ असं म्हणत येत नाहीत. झोप लागत नाही, घरच्यांवर ओरडणं होतं, चारचौघांत जावंसं वाटत नाही, असं सांगत येतात. खरी गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघते. अंकात कथा छापून आली, ओळखीच्यांचे फोन आले आणि प्रत्येक कौतुकाच्या शेवटी एकच प्रश्न आला, ‘मग कादंबरी कधी?’ लग्नाला वर्ष झालेल्या सुनेला ‘गोड बातमी कधी’ विचारतात, तसाच हा प्रश्न. विचारणारा विचारून विसरतो आणि ज्याला विचारलं त्याची रात्र जाते. उलट्या बाजूने आलेलेही भेटतात. त्यांनी कादंबरी सुरू केलेली असते, तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात गाडी थांबलेली असते, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की आधी कथेवर हात बसव. शेवटी दोघेही मला तेच विचारतात : कथा लिहू की कादंबरी?

एकीची हकीगत सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला अरुणा म्हणू या.

अरुणा पस्तिशीची. बँकेत नोकरी, माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू बोलणारं. वडील यंत्रमागावर होते, आई घरी विड्या वळायची. ती आली डोकेदुखीची तक्रार घेऊन. मी आधी तिला डोळे आणि रक्तदाब तपासून यायला सांगितलं, कारण मन पाहण्याआधी शरीर पाहावं, हा माझा नेम आहे. दोन्ही ठीक निघालं. मग लेखनाचा विषय आला. चार-पाच कथा छापून आल्या होत्या. कादंबऱ्या तीन सुरू झाल्या होत्या आणि तिन्ही साठ-सत्तर पानांवर थांबल्या होत्या.

ती म्हणाली, ‘आधी कथा सुचली की बरं वाटायचं, मॅडम. आता सुचली की वाटतं, ही कथेत संपवू नको, कादंबरीला ठेव. आणि कादंबरीला बसलं की वाटतं, एवढं ताणण्यासारखं आहे का हे? कथाच होती की ही.’

‘मग काय करता?’

‘काही नाही. टेबल पुसते. कपाट लावते.’

तिच्या ओळखीतल्या एका ज्येष्ठ लेखकाने तिला सांगितलं होतं की कथा हाताला वळण लावण्यापुरती, खरं लेखन कादंबरीतच. नवरा चांगला माणूस, तोही म्हणायचा, ‘कादंबरी झाली तर निदान पाठीवर एकटीचं नाव असलेलं पुस्तक तरी होईल.’ मी तिला म्हटलं, जी. ए. कुलकर्णींनी स्वतःची कादंबरी कधी लिहिली नाही. १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना जाहीर झाला तो कथासंग्रहासाठी. कॅनडाच्या ॲलिस मन्रो जन्मभर मुख्यतः कथाच लिहीत राहिल्या आणि २०१३ साली त्यांना नोबेल मिळालं ते कथेच्याच जोरावर. अरुणाला हे माझ्याआधीपासून ठाऊक होतं. अशा नावांनी कुणाची गाठ सुटत नाही, तरी मी ती घेते, कारण त्यानंतर एक प्रश्न सरळ विचारता येतो.

‘म्हणजे कथा कमी दर्जाची, असं तुम्हालाही वाटत नाही. मग अडतंय कुठे?’

तिला उत्तर देता आलं नाही. मी तिला सांगितलं, पुढच्या वेळी सगळं अर्धवट लेखन घेऊन या, छापलेलं नको.

व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर रुग्णाला एक प्रश्न विचारत : ‘हा त्रास नसता तर तुम्ही काय केलं असतं?’ त्यांचं म्हणणं असं, की माणूस उत्तरात जे सांगतो, नेमकं त्याच्यापासूनच त्रास त्याला दूर ठेवत असतो. माझं सगळं काम या एका प्रश्नाभोवती उभं राहिलं आहे. इतर पद्धती मी शिकले, वापरतेही. पण निवडीच्या कोड्यात अडकलेल्या माणसासमोर मला याहून उपयोगी काही सापडलेलं नाही. दोन वाटांमध्ये उभं राहून हैराण झालेला माणूस बहुतेक वेळा तिसरीकडे कुठेतरी जायचं टाळत असतो.

अरुणाला मी तो प्रश्न असा विचारला : ‘समजा, उद्या सकाळी तुम्ही उठलात आणि हे कोडंच उरलं नाही. कुणीतरी ठरवून टाकलं, कथा म्हणा, कादंबरी म्हणा. मग संध्याकाळी बँकेतून आल्यावर काय कराल?’

‘लिहायला बसेन.’

‘काय लिहाल?’

ती हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की हातातलं जातं.

‘आईचं लिहावं लागेल,’ ती म्हणाली.

‘लागेल?’

‘दुसरं काही उरलेलंच नाहीये की.’

तोवर तिची तिन्ही बाडं मी वाचून काढली होती आणि मला त्यात एक गोष्ट दिसली होती. प्रत्येक बाडात एक बाई आहे. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. ती कोपऱ्यात बसलेली असते, तिचे हात चालू असतात आणि ती कधी बोलत नाही. तीनपैकी दोन बाडं अशा जागी थांबली होती, जिथे आता तिला कुणीतरी काहीतरी विचारणार होतं आणि तिला उत्तर द्यावं लागणार होतं. लिहिणारीचा हात तिथे दोनदा थांबला होता. कथा की कादंबरी, हा वाद तिच्या मनात सुरू झाला तो त्यानंतर. हे मी तिला तारखांसकट दाखवलं, कारण प्रत्येक पानावर तारीख घालायची सवय तिची स्वतःचीच होती.

मग तिने सांगितलं. ती सातवीत असताना वडिलांचा कारखाना काही महिने बंद पडला. विड्यांची मजुरी हजारामागे मिळते, म्हणजे घरात जितके हात तितके पैसे. आईने तिला शाळेतून काढलं आणि विडीचं तोंड बंद करायला शेजारी बसवलं. त्या दिवशी आई काय म्हणाली ते अरुणाने आधी तेलुगूत सांगितलं. मला तेलुगू येत नाही, पण मी तिला थांबवलं नाही. वर्षभराने, जूनमध्ये, त्याच आईने तिला हाताला धरून परत शाळेत नेलं. या सगळ्याबद्दल दोघी आजवर एक शब्द बोललेल्या नाहीत.

इथपर्यंत आलेलं लेखन कथा आहे की कादंबरी, हे आता खरोखर विचारण्यासारखं होतं. मी विचारलं, ‘तुम्हाला कोडं कशाचं आहे? त्या दिवसाचं, की त्यानंतर तुम्ही दोघी एका घरात कशा राहिलात, त्याचं?’

तिने लगेच सांगितलं, ‘नंतरचं मला सगळं माहीत आहे. रागही आला, तो गेलाही. कोडं दप्तराचं आहे.’

‘दप्तराचं?’

‘तिने ते फेकलं नाही, कुणाला दिलंही नाही. घडी घालून ट्रंकेत ठेवलं, तिच्या लग्नाच्या साडीखाली. म्हणजे मला परत पाठवायचं तिचं तेव्हाच ठरलं होतं का? की तिचं तिलाही माहीत नव्हतं?’

‘आईला विचारलंत कधी?’

‘नाही. आधी लिहिते, मग विचारते.’

त्या संध्याकाळी घरी जाताना मला जे उमगलं, ते मी तेव्हापासून प्रत्येक लिहिणाऱ्याला सांगत आले आहे. अरुणाला सगळं माहीत होतं आणि एकच गोष्ट माहीत नव्हती. ती गोष्ट एका दुपारी, एका ट्रंकेपाशी घडली होती. तिच्याभोवती चारशे पानं लिहिली असती, तर जे माहीत आहे तेच तिला पानोपानी सांगत बसावं लागलं असतं. माणसाचं कुतूहल एका क्षणावर खिळलेलं असेल, तर ती कथा. तो क्षण लख्ख पाठ आहे, पण त्यानंतर ही माणसं कशी जगली, कशी बदलली, एकमेकांना कशी सोसत राहिली हे कळत नाही, असं असेल तर ती कादंबरी. पानांचा हिशेब यानंतरचा.

याची उलट बाजू एका शिक्षकाकडे पाहिली. सांगोला तालुक्यातली वस्ती, तिथल्या माणसांवर त्यांनी कथा लिहिल्या होत्या आणि संपादक त्या परत पाठवत होते, ‘शेवट नीट होत नाही’ म्हणून. शेवट होणारच नव्हता. पहिल्या कथेतला पाण्याचा टँकरवाला चौथ्या कथेत सासरा होऊन येत होता आणि सातव्या कथेत त्याच्या जमिनीचा वाद. मास्तरांना टाळायचं होतं ते एवढंच : ‘मी कादंबरी लिहितोय’ हे मान्य करणं, कारण मग पुरी झाली नाही तर सगळ्यांना कळलं असतं. मी त्यांना व्यंकटेश माडगूळकरांची आठवण दिली. त्याच माणदेशातल्या एकेका माणसाची त्यांनी मोजक्या पानांत चित्रं काढली. पण एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो आणि दुष्काळ ती वाडी उठवतो, हे सांगायचं होतं तेव्हा १९५५ साली त्यांनी ‘बनगरवाडी’ लिहिली. ती फार जाडही नाही. ऋतू फिरले, माणसं आली-गेली, हे दिसायला जेवढी पानं लागतात तेवढीच आहेत.

वेळेबद्दल एक गैरसमज मला नेहमी मोडून काढावा लागतो. नोकरी करणारे म्हणतात, वेळ नाही म्हणून कथा लिहितो. माझ्यासमोर आलेल्या लोकांचा अनुभव नेमका उलटा आहे. कादंबरी रोजच्या पाऊण तासात चालते. आज जिथे थांबलो तिथून उद्या उचलता येतं, फक्त खंड पडू द्यायचा नाही. कथेचा पहिला खर्डा मात्र एक-दोन बैठकींत उतरला तर बरा, कारण पहिलं वाक्य लिहिताना शेवटाचा सूर कानात असावा लागतो आणि तो आठवडाभर टिकत नाही. अरुणाने दुसरा शनिवार आणि रविवार जोडून घेतला, मुलाला नवऱ्याबरोबर सासरी पाठवलं आणि दार लावून बसली. मास्तर पहाटे साडेपाचला उठून शाळेआधी लिहितात. दोघांनी वेळापत्रकं बदलून पाहिली असती, तर दोघांचंही लेखन पुन्हा बंद पडलं असतं, याची मला खात्री आहे.

बाजाराचंही बोलायला हवं, नाहीतर सल्ला हवेत राहतो. नवीन लेखकाचा कथासंग्रह घ्यायला प्रकाशक कचरतात, कादंबरी त्यामानाने सहज घेतात, हे मी अनेकांकडून ऐकलं आहे आणि त्यात तथ्य असावं. पण कथेला आपल्याकडे दिवाळी अंकांचं घर आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासूनची ही सोय आहे. या अंकांत दीर्घकथेलाही जागा असते, दहा-पंधरा हजार शब्दांची. कुठेच न बसणारं लेखन बऱ्याचदा तिथे चपखल बसतं. मात्र बहुतेक अंकांचं साहित्य पावसाळ्यात जमा होतं. म्हणून दिवाळीनंतरचे महिने कुढण्यात घालवले, की पुढचं वर्षही हातचं जातं.

अरुणाची कथा सहा हजार शब्दांची झाली. संपादकांनी हजार शब्द कमी करायला सांगितले. तिने आठशे काढले आणि ट्रंकेचा परिच्छेद होता तसा ठेवायचा आग्रह धरला. तो त्यांनी मानला. आईला तिने कथा तेलुगूत सांगितली. आई काय म्हणाली, ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ‘कादंबरी कधी?’ असं आजही लोक तिला विचारतात. ती ‘सध्या कथा चालू आहे’ म्हणते आणि चहा टाकायला उठते.

यंदा याच प्रश्नासाठी कुणाला यायचं असेल, तर एक विनंती आहे. येताना अर्धवट राहिलेलं सगळं घेऊन या, तारखा आठवत असतील तर पानांवर पेन्सिलीने टाका. छापून आलेलं घरी राहिलं तरी चालेल.