आफ्रिकेतल्या बायकांनी हाताने केलेल्या वस्तू ‘फेअर ट्रेड’ (कारागिराला रास्त मोबदला देणारा व्यापार) म्हणून महाग विकतात. त्यातलं त्या बायकांना खरंच काही मिळतं का? केनियाच्या टोपल्या मागवून पुण्यात विकायचा माझाही विचार आहे.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. ‘महिला सक्षमीकरण’ असं लिहून ऑनलाइन विकली जाणारी केनियाची टोपली घ्यावी का, हा एक. आणि आपणच तिथून अशा टोपल्या मागवून पुण्यात विकल्या तर तो धंदा सचोटीचा कसा ठेवायचा, हा दुसरा. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सात वर्षं नैरोबीत होते. तुमच्या मनात आहे तो उद्योग मी करून बसले आहे आणि त्यात चुकलेही आहे. अख्ख्या आफ्रिकेबद्दल बोलायची माझी पात्रता नाही, कियोंडोबद्दल मात्र सांगू शकते.

कियोंडो म्हणजे केनियातल्या कांबा आणि किकुयू बायका विणतात ती गोल बुडाची टोपली-पिशवी. पूर्वी ती गोरखचिंचेच्या सालीच्या किंवा रानातल्या झुडपांच्या वाखाची असायची. आता बहुतेक घायपाताची असते. घायपात मूळचं मेक्सिकोतलं. जर्मनांनी 1893 मध्ये ते शेजारच्या टांगानिकात (आजच्या टांझानियात) आणून लावलं आणि पुढे ते केनियातही पसरलं. पात कापायची, हिरवा गर खरवडून काढायचा (त्याच्या रसाने हाताला खाज सुटते), वाख धुऊन वाळवायचा, रंगवायचा. मग उघड्या मांडीवर तळव्याने दोन-दोन पदर वळून सुतळी करायची. माझी आजी समईच्या वाती वळायची, हुबेहूब तसं. विणायला सुरुवात बुडापासून होते. उभे धागे मधून चारी बाजूंना पसरलेले असतात आणि आडवे दोन धागे एकमेकांना पीळ देत त्यांच्याभोवती फिरत राहतात. अर्धवट झालेला कियोंडो म्हणजे झिपऱ्या सोडलेलं डोकंच वाटतं. बायका तो काखेत मारून चालता-चालता विणतात, बैठकीत विणतात, मटाटूची (तिथल्या खासगी मिनीबसची) वाट बघताना विणतात. शेतीतून, पाण्याच्या खेपांतून वेळ काढत मोठ्या कियोंडोला दोन-तीन आठवडे सहज जातात.

आता पैसा कुठे जातो ते बघा. गावातली बाई विकते ती नुसती टोपली. तिला ना चामड्याचे बंद असतात, ना आतून अस्तर. दलाल आठवडी बाजारात अशा टोपल्या गोळा करून नैरोबीच्या कारिओकोर मार्केटमध्ये आणतो. (हे नाव ‘कॅरिअर कोअर’चा अपभ्रंश आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ओझी वाहायला जे आफ्रिकी हमाल भरती केले, त्यांच्या तळावरून पडलेलं.) तिथे चामड्याचे बंद, कडी, बटण लागतं आणि हे काम बहुतेक पुरुष कारागीर करतात. तासाभराच्या त्या कामानंतर किंमत एकदम उडी मारते. तीन आठवड्यांचं विणकाम स्वस्त आणि तासाभराचं चामडं महाग, हे गणित समजलं की ‘बायकांनी विणलेलं’ या शब्दांनी फारसं हुरळून जायला होत नाही. पश्चिम केनियातल्या किसी भागातल्या मऊ दगडाच्या मूर्तींचंही असंच. ताबाका गावात कोरतात पुरुष, पाण्यात बसून पॉलिशपेपरने घासतात बायका, आणि घासणाऱ्या हातांना मिळतं कमी.

नैरोबीत पर्यटक जातात ते मासाई मार्केटला. तो बाजार रोज वेगळ्या ठिकाणी भरतो. आत शिरलात की एखादा हसतमुख तरुण तुमच्याबरोबर चालू लागतो, तुम्ही बोट दाखवाल ती वस्तू आपल्या पिशवीत टाकतो आणि शेवटी एका कागदावर आकडा लिहून देतो. घासाघीस करून आपण तो निम्म्यावर आणतो आणि खुशीत घरी येतो. पहिली दोन वर्षं मीही असंच केलं. त्या निम्म्यातही त्याचं कमिशन शाबूत असतं. तुटतं ते मागच्या बाईचं, आणि ती तिथे नसतेच.

म्हणून ‘फेअर ट्रेड’चा शिक्का बघून घ्यावं, तर तिथेही एक गोम आहे. कॉफी-चहा-कोकोवर दिसतो तो निळ्या-हिरव्या रंगातला फेअरट्रेडचा शिक्का पिकांसाठी, कापसासाठी, सोन्यासाठी आहे. हस्तकलेला तो लागत नाही, कारण प्रत्येक टोपली वेगळी आणि तिचा जगभर एकच किमान भाव ठरवता येत नाही. हस्तकलेच्या बाबतीत वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन ही 1989 मध्ये सुरू झालेली संस्था एकेका वस्तूला नाही, तर सगळ्या व्यवसायालाच तपासते. तिची दहा तत्त्वं आहेत. त्यातलं एक मला फार उशिरा कळलं: कारागिराने मागितल्यास हस्तकलेच्या ऑर्डरची किमान निम्मी रक्कम आगाऊ आणि बिनव्याजी द्यायची.

उशिरा कसं, ते सांगते. केनियाने 28 ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली, तीही चाळीस लाख शिलिंगांपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद अशी. बाजारात जो तो कियोंडो घेऊन दिसायला लागला. पुढच्या मार्चमध्ये महाराष्ट्रातही प्लास्टिकबंदी आली. कोथरूडला माझ्या वहिनीचं छोटं दुकान आहे. ती म्हणाली, दिवाळीला साठ पिशव्या पाठव, हातोहात जातील. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मावशी नैरोबीजवळच्या माचाकोस शहराच्या पुढे एका गावात बायकांच्या गटाची प्रमुख होती. तिथे अशा प्रमुख बाईला सरळ ‘चेअरलेडी’ म्हणतात. सप्टेंबरच्या शेवटी मी गेले, चहा झाला, दलाल देतो त्याच्या दीडपट भाव मी स्वतःहून कबूल केला. येताना गाडीत मला स्वतःचं केवढं कौतुक वाटत होतं!

ऑक्टोबरच्या मध्यावर फोन केला तर चेअरलेडी म्हणाल्या, सगळ्या शेतात आहेत. उकांबानी, म्हणजे कांबा लोकांचा हा भाग, कोरडवाहू मुलुख. तिथे वर्षातून दोनदा पाऊस येतो, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि त्यातल्या त्यात भरवशाचा म्हणायचा तो दुसरा. मका, चवळी आणि तूर लावायची ती त्याच्या तोंडावर. (हो, तूरच. आपल्या वरणातली थोडी तिकडूनही येते.) शेतकऱ्याच्या घरात जन्मलेली मी, पेरणीच्या दिवसांत बायकांना पिशव्या विणायला सांगत होते, कारण माझी दिवाळी होती. पिशव्या आल्या डिसेंबरच्या मध्यावर. वहिनीचा मूड गेलेला. मी अर्धे पैसे दिले आणि म्हटलं, बाकीचे विकल्यावर देते. आपल्याकडे दुकानदार सर्रास असंच करतात, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चेअरलेडींचा फोन. स्वाहिलीत ‘दादा’ म्हणजे बहीण (आणि ‘काका’ म्हणजे भाऊ, नात्यांचा सगळा गोंधळच). त्या शांतपणे म्हणाल्या, “दादा, तुझा माल विकला गेला नाही म्हणून शाळा फी माफ करत नाही.” केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. आणखी एक गोष्ट त्या फोनवर कळली. घायपात आणि रंग विकत घ्यायला बायकांनी गटातून उचल घेतली होती. म्हणजे वहिनीच्या दुकानात गुंतलेलं भांडवल त्या बायकांचं होतं, आणि माझा दीडपट भाव त्या बायका स्वतःच्याच खिशातून मला उधार देत होत्या. त्या संध्याकाळी सगळे पैसे पाठवले. आवाजात मात्र त्यांच्या नंतर वर्षभर थोडं अंतर राहिलं.

तेव्हापासून कोणी ‘आम्ही बायकांना चांगला भाव देतो’ म्हटलं की मी भाव विचारत नाही. माल पडून राहिला तर नुकसान कोणाचं, एवढंच विचारते. आगाऊ किती देता? रंग उन्नीस-बीस झाला तर पिशवी परत करता का? ऑर्डर रद्द केली तर विणून झालेल्याचं काय? चांगला विक्रेता याची उत्तरं पटकन देतो, कारण त्याला ती रोज द्यावी लागतात. ज्याच्याकडे फक्त गोष्टी असतात तो तुम्हाला फोटो दाखवतो. एका ऑनलाइन दुकानाच्या तीन पिशव्यांवर मी एकाच बाईचा फोटो तीन वेगवेगळ्या नावांनी पाहिला आहे. गरिबीची कहाणी जितकी लांब, तितका मला संशय जास्त येतो. ती बाई कुशल कारागीर आहे, हे सांगायला तिचा नवरा कधी वारला हे कशाला सांगावं लागतं?

पैसे हातात कोणाच्या पडतात, हेही बघायला हवं. इथे केनिया आपल्याही पुढे होता. मार्च 2007 पासून तिथे एम-पेसा आहे. ‘पेसा’ म्हणजे आपला पैसाच, ‘एम’ मोबाईलचा. साध्या बटणांच्या फोनवर पैसे येतात, बँकेचं खातं लागत नाही. नवऱ्याच्या हातात नोटा पडण्यापेक्षा बाईच्या फोनवर टिंग वाजणं केव्हाही बरं. पण पैसे सगळ्यांचे मिळून चेअरलेडींच्या फोनवर जात असतील तर वाटपाची वही बघायला मागा. आमच्या गटात प्रत्येक टोपलीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला असायचा, त्यावर विणणारीचा नंबर, आणि वहीत त्या नंबरापुढे सही किंवा अंगठा. वही दाखवायला कोणाला राग आला नाही. उलट दोघी-तिघींनी वाकून आपापली ओळ दाखवली.

हे गट म्हणजे आपली भिशी आणि बचत गट यांचं मिश्रण. त्यांना ‘चामा’ म्हणतात. साठ-सत्तरच्या दशकांत मध्य केनियात बायकांचे ‘माबाती’ गट होते. माबाती म्हणजे पन्हाळी पत्रा. सगळ्यांनी पैसे साठवायचे आणि पाळीपाळीने एकेकीच्या घरावर गवताच्या जागी पत्रा चढवायचा. पत्रा आला की पावसाचं पाणी पिंपात धरता येतं, म्हणजे पाण्याच्या काही खेपा वाचतात. सक्षमीकरण हा शब्द मला कधी झेपला नाही, पण वाचलेली खेप मला कळते.

सगळं काम घरीच व्हायला हवं असंही नाही. नैरोबीच्या कॅरन भागात ‘काझुरी’ नावाचा मातीचे मणी करणारा कारखाना आहे. सुझन वूड यांनी 1975 मध्ये दोन बायकांना घेऊन तो सुरू केला, आता तिथे शेकडो बायका आहेत. नाव स्वाहिली, अर्थ ‘लहान आणि सुंदर’. आत जाऊन काम बघता येतं. लांब टेबलांभोवती बायका मणी वळत आणि रंगवत बसलेल्या असतात, गप्पा अखंड चालू. तिथे नोकरी आहे, ठरलेली वेळ आहे, म्हणजे पावसावर पगार अवलंबून नाही. पण उकांबानीतली शेत-गुरं सोडून कोण जाणार कॅरनला? घरी विणणारीला मोकळीक आहे, पण नगावर मजुरी आहे. दोन्हींत काही मिळतं, काही जातं. यातलं एकच खरं, असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारेन की तो विकतो काय.

तुमच्या धंद्यापुरतं थोडं. आयातीसाठी इम्पोर्टर-एक्स्पोर्टर कोड काढावा लागेल. कुरिअरवाले वजनापेक्षा आकाराचे पैसे लावतात, म्हणून टोपल्या एकात एक बसतील अशा तीन मापांत मागवा आणि बंद वेगळे आणा. शक्य असेल तर चामड्याचे बंद लावायचं काम गटातल्याच एखादीला शिकू द्या. आमच्या गटातल्या दोघी कारिओकोरला जाऊन ते शिकून आल्या, तेव्हा त्यांच्या हातात पडणारी रक्कम पहिल्यांदा खरंच बदलली, माझ्या दीडपट भावाने जेवढी बदलली नव्हती तेवढी. पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या दमटपणात वाखाला बुरशी धरते, तेव्हा जून ते सप्टेंबर माल कोंडून ठेवू नका. आणि कियोंडोला हजारो रुपये मोजणारं गिऱ्हाईक मंडईबाहेर बुरुडाच्या सुपासाठी वीस रुपयांवरून हुज्जत घालताना तुम्हाला दिसेल. त्याची सवय करून घ्या, मला अजून झालेली नाही.

आता मी पुण्यात परतले आहे. वर्षाला एकच ऑर्डर देते, जूनमध्ये, निम्मे पैसे त्याच दिवशी एम-पेसावर. तेव्हा पहिला पाऊस संपलेला असतो आणि दुसऱ्या पेरणीला वेळ असतो. तुम्ही माचाकोसकडे जाणार असाल तर इथे लिहा, चेअरलेडींना विचारून त्यांचा नंबर कळवीन. फक्त ऑक्टोबरात जाऊ नका.