कुरळ्या केसांची निगा: सुरुवातीला एवढेच पुरे

एकदम सात-आठ बाटल्या मागवण्याचा बेत तूर्त बाजूला ठेवा. पहिले दोन महिने सौम्य, सल्फेटविरहित (म्हणजे तेल खरवडून काढणारा फेसाळ घटक नसलेला) शाम्पू, दाटसर कंडिशनर आणि साधे जेल एवढ्यावर छान भागते. टाळूचे तेल वळणांमुळे टोकांपर्यंत सहज पोचत नाही, म्हणून कुरळे केस मुळात कोरडे असतात आणि रोजच्या शाम्पूने अधिकच राठ होतात. आठवड्यातून दोनदा पुरे.

नवख्यांच्या हमखास चुका अशा:

- कोरड्या केसांतून कंगवा फिरवणे. गुंता कंडिशनर लावलेला असतानाच, रुंद दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर सरकत सोडवावा.
- टॉवेलने खसाखसा पुसणे. जुन्या सुती पंचाने नुसते टिपावे.
- जेल उशिरा लावणे. केसांतून पाणी निथळत असतानाच ते लावून, केस तळव्यात घेऊन वरच्या दिशेने दाबावेत. सुकताना केस पापडासारखे कडक होतात. मी तर पहिल्यांदा घाबरून पुन्हा धुऊन टाकले होते! वास्तविक पूर्ण सुकल्यावर हातांनी हलकेच चुरगाळले की तो कडकपणा जातो आणि वळणे टिकतात.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात भरपूर ग्लिसरीन असलेल्या जेलने केस फुगू शकतात, तेव्हा बाटलीवरची घटकांची यादी वाचूनच घ्या. केसांना द्यायची प्रथिने, सच्छिद्रता (केस पाणी किती शोषतात ते) हे विषय आत्ता उघडूच नका.